बारा तासांचं घड्याळ

मूत्रपिंड बदललं, टाके सुकले, रुग्ण घरी आला. आता पहाऱ्याची पाळी घरच्यांची. शरीराची प्रतिकारशक्ती नव्या मूत्रपिंडाला परकं समजते. तिला आवरणारं टॅक्रोलिमस साधारणपणे दर बारा तासांनी घ्यावं लागतं. जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूत १९८४ साली ते सापडलं.

रक्ततपासणीच्या सकाळी मात्र गोळी रक्त दिल्यावरच.

१९५४ साली बोस्टनमध्ये रिचर्ड हेरिकला एकसारख्या जुळ्या भावाचं मूत्रपिंड मिळालं, त्यामुळे अशा औषधांवाचून निभावलं. इतरांच्या घरी ताप, वजन, रक्तदाब, लघवीचं प्रमाण रोज वहीत उतरतं. भेटीला आलेल्या सर्दीवाल्यांना दारातूनच परत पाठवणं एखादी खमकी आत्याच करू जाणे! गणपतीतलं पपनसही बाद; त्यामुळे रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी वाढू शकते.