रंधा अडला की

रंधा चालेना की लोक जोर वाढवतात. मी आधी पातं काढून पाहतो. सागवानात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते. धार लावताना नवशिके फक्त उतार घासतात. पण पाठही टोकापाशी आरशासारखी सपाट लागते, कारण या दोन बाजू जिथे मिळतात तीच धार.

माझ्याकडचा लोखंडी रंधा अमेरिकेच्या लिओनार्ड बेली यांच्या रचनेचा. त्यांचे हक्क स्टॅन्ली कंपनीने 1869 मध्ये घेतले. या रंध्यात पातं 45 अंशांत बसतं आणि त्याच्यावर एक लोखंडी पट्टी असते. तोंडात भुसा अडकत असेल, तर ही पट्टी पात्याला नीट चिकटलेली नाही. दोन्ही उजेडासमोर धरा. मधून प्रकाश दिसला तर पट्टीची कड घासा. शेवटचा हात फिरवताना पट्टी धारेपासून जेमतेम अर्धा मिलिमीटर मागे ठेवतो.

लाकूड उपटत असेल, तर फळी उलटी फिरवा आणि पातं आत घ्या. भुसा एका बाजूला जाड निघत असेल, तर पातं तिरकं आहे. रंधा थरथरत असेल, तर पात्यावरची पकड ढिली.

लाकडी रंध्याला पातं पुढे-मागे करणारा स्क्रू नसतो. पात्यावर हलकी टिचकी मारली की काप वाढतो, रंध्याच्या मागच्या टोकावर ठोकलं की कमी होतो. मग पातं धरून ठेवणारी पाचर घट्ट करायची. आणि तळाला मेणबत्ती चोळा. निम्मे कष्ट तिथेच वाचतात.