गोंगाटनिवारक हेडफोन आणि त्यांची निवड

प्रवासात आणि कचेरीत गोंगाटाचा उपद्रव कमी व्हावा म्हणून विशिष्ट प्रकारचे हेडफोन वापरण्याची प्रथा आता चांगलीच रूढ झाली आहे. बाजारात ते ‘नॉइज-कॅन्सलिंग’ या नावाने मिळतात. त्यांना गोंगाटनिवारक हेडफोन म्हणावयास हरकत नाही. अमुक इतक्या डेसिबेलनी गोंगाट कमी होतो असा एक आकडा त्यांच्या जाहिरातीत पुष्कळदा ठळकपणे दिलेला असतो, आणि ग्राहक साहजिकच मोठ्या आकड्याकडे वळतो. परंतु विमानात ज्याने पूर्ण समाधान दिले तेच साधन कचेरीत निराशा का करते, याचा उलगडा त्या आकड्यावरून होत नाही. त्यासाठी गोंगाट कोणत्या जातीचा आहे हे प्रथम पाहावे लागते. प्रस्तुत लेखात या साधनामागील ध्वनिशास्त्रीय तत्त्व, त्या तत्त्वाच्या मर्यादा आणि त्यांवरून निघणारे निवडीचे निकष यांचा विचार केला आहे.

तत्त्व आणि त्याचा इतिहास

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात होणारे सूक्ष्म चढउतार होत. एका ध्वनीमुळे ज्या क्षणी दाब वाढतो त्याच क्षणी दुसऱ्या ध्वनीमुळे तो तितकाच कमी होईल अशी योजना करता आली, तर त्या ठिकाणी दाब स्थिर राहील आणि तेथे असलेल्या कानाला काहीच ऐकू येणार नाही. तरंगांच्या व्यतिकरणाचा हा नियम एकोणिसाव्या शतकातच सुपरिचित होता. त्याच्या आधारे विद्युत्साधनांनी गोंगाट नाहीसा करण्याची कल्पना पाउल ल्यूग या जर्मन शास्त्रज्ञाने मांडली आणि १९३६ साली तिचे अमेरिकन पेटंट त्याला मिळाले. नळीतून जाणारा ध्वनी मायक्रोफोनने टिपावयाचा आणि पुढे बसविलेल्या ध्वनिक्षेपकातून त्याच्या नेमका उलट ध्वनी सोडावयाचा, असे तिचे स्वरूप होते. तत्कालीन इलेक्ट्रॉनिक साधनांना हे काम पेलण्यासारखे नव्हते. पुढे १९५३ साली हॅरी ओल्सन आणि एव्हरेट मे या अमेरिकन संशोधकांनी आसनावर बसलेल्या माणसाच्या डोक्याजवळ शांततेचा एक लहानसा टापू निर्माण करणारे उपकरण वर्णिले.

हा टापू लहानसाच का, हे येथे समजून घेणे अगत्याचे आहे. चोहोंकडून ध्वनी येत असलेल्या जागेत अशा शांत टापूचा व्यास साधारणतः तरंगलांबीच्या एकदशांशाइतका असतो. हवेत ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअस तापमानास सेकंदाला सुमारे ३४३ मीटर आहे. त्यामुळे १०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १०० कंपने असलेल्या खर्जातील ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर आणि टापूचा व्यास सुमारे ३४ सेंटिमीटर येतो. १,००० हर्ट्झच्या ध्वनीसाठी तो जेमतेम ३.४ सेंटिमीटर उरतो. सबंध खोली शांत करणे अतिशय कठीण, परंतु कानापुढील पोकळी शांत करणे शक्य, असा याचा अर्थ होतो. हेडफोन हे या तत्त्वाचे स्वाभाविक स्थान ठरले ते यामुळेच.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील प्राध्यापक अमर बोस यांनी या दिशेने दीर्घकाळ काम केले. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले स्वातंत्र्यचळवळीतील कार्यकर्ते होते. १९७८ साली झुरिकहून बोस्टनला जात असता विमानात मिळालेल्या हेडफोनमधील संगीत घरघरीत बुडून जाते, हे बोस यांच्या ध्यानी आले. त्यावरील उपायाचे गणित त्यांनी त्याच प्रवासात मांडावयास घेतले. १९८६ च्या डिसेंबरात ‘व्हॉयेजर’ विमानाने न थांबता व वाटेत इंधन न घेता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच्या दोन्ही वैमानिकांना श्रवणरक्षणासाठी या जातीचे प्रायोगिक हेडफोन देण्यात आले होते. १९८९ साली बोस यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी, आणि २००० साली सामान्य प्रवाशांसाठी, असे हेडफोन विक्रीस आणले.

दोन उपाय, दोन क्षेत्रे

मूळ ध्वनी आणि यंत्राने निर्माण केलेला विपरीत ध्वनी यांत नेमका अर्ध्या तरंगाचा फरक असावा लागतो. दोन्ही ध्वनी समान प्रबळ असले आणि या फरकात तरंगलांबीच्या एकषष्ठांशाइतकी चूक झाली, तर कानाला पूर्वीइतकाच गोंगाट ऐकू येतो. चूक त्याहून वाढली तर गोंगाट उलट वाढतो. १०० हर्ट्झच्या बाबतीत हा एकषष्ठांश सुमारे ५७ सेंटिमीटर असल्याने चुकीला भरपूर वाव असतो. ५,००० हर्ट्झच्या बाबतीत तो एक सेंटिमीटरहून किंचितच अधिक भरतो, आणि कानाच्या नळीची लांबीच सुमारे अडीच सेंटिमीटर असते. यास्तव या साधनांतील इलेक्ट्रॉनिक भाग मुख्यतः १,००० हर्ट्झच्या आसपासच्या व त्याखालच्या ध्वनींपुरता परिणामकारक राहतो.

त्यावरच्या ध्वनींचा बंदोबस्त साधी गादी करते. कानाभोवती घट्ट बसणारी गादी किंवा कानाच्या नळीत बसणारे रबरी टोक उच्च ध्वनी चांगले अडविते. खर्जातील ध्वनी मात्र त्यातून बऱ्याच अंशी आरपार जातात. सारांश, खर्जाकडे विद्युन्मंडल पाहते आणि वरच्या पट्टीकडे गादी पाहते. वेष्टणावरील डेसिबेलचा एकच आकडा यांपैकी कोणत्या कंपनसंख्येवर मोजला हे सांगितल्याशिवाय निरर्थक होय. १०० हर्ट्झवर ३० डेसिबेलची घट दाखविणारे साधन ३,००० हर्ट्झवर साध्या बोळ्यांहूनही दुर्बल असू शकते.

प्रवासातील गोंगाट

विमानाच्या कक्षात उड्डाणाच्या मुख्य टप्प्यात गोंगाटाची पातळी सामान्यतः ८० डेसिबेलच्या आसपास असते. इंजिनांचा घोष आणि विमानाच्या कवचावरून वेगाने वाहणाऱ्या हवेची खळबळ ही त्याची दोन प्रमुख कारणे आहेत. त्याचा मोठा भाग खर्जातील असतो आणि तो तासन्‌तास फारसा न बदलता चालू राहतो. इलेक्ट्रॉनिक निवारणाला याहून अनुकूल परिस्थिती क्वचितच मिळेल.

डिझेल बसचे उदाहरण असेच बोलके आहे. सहा सिलिंडरांचे चतुःस्फूर्त इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक फेऱ्यात तीन स्फोट होऊन सेकंदाला ७५ ठोके पडतात. म्हणजेच घरघरीचा मूळ स्वर ७५ हर्ट्झचा असतो. तो सहज लोपतो. खिडकी उघडी असता येणारा वाऱ्याचा सपाटा, शेजारच्या वाहनाचा भोंगा किंवा रुळांच्या वळणावर चाकांची कर्कश किंकाळी यांना मात्र हा न्याय लागू पडत नाही. वारा तर हेडफोनच्या बाहेरील मायक्रोफोनवरच आदळून नवी खरखर निर्माण करतो. मुंबईच्या उपनगरी गाडीत दाराजवळ उभ्या असलेल्या प्रवाशास आणि वातानुकूलित बसमध्ये बसलेल्या प्रवाशास एकाच साधनाचा अनुभव वेगवेगळा येतो, तो याच कारणाने.

कचेरीतील गोंगाट

कचेरीतील प्रश्न भिन्न आहे. पंख्याची अथवा वातानुकूलन यंत्राची घरघर तेथे असते. परंतु कामात विक्षेप आणते ती मुख्यतः दुसऱ्याची वाणी. वाणीचे आकलन प्रामुख्याने ५०० ते ४,००० हर्ट्झ या पट्ट्यावर अवलंबून असते. स, श यांसारख्या वर्णांची ऊर्जा तर याच्या वरच्या भागात व त्याही पलीकडे एकवटलेली असते. निवारक यंत्र चालू करताच बोलणाऱ्याच्या आवाजातील खर्ज निघून जातो, तो आवाज बारीक व दूरचा भासतो, पण शब्द बहुतांशी कळतच राहतात. एवढ्यावर भागत नाही. पंख्याची घरघर त्या शब्दांवर जो पडदा टाकीत होती तोही यंत्र दूर करते, आणि पलीकडच्या टेबलावरील संभाषण कधीकधी पूर्वीपेक्षा अधिक स्पष्ट होते. पुष्कळ ग्राहक याला यंत्रातील बिघाड समजतात. वस्तुतः यंत्र आपले काम बिनचूक करीत असते.

मोकळ्या कचेऱ्यांच्या मापनासाठी २०१२ साली प्रसिद्ध झालेले आंतरराष्ट्रीय मानक हीच दृष्टी स्वीकारते. ध्वनीच्या पातळीबरोबरच किती अंतरावर वाणी पुरेशी अस्पष्ट होते हे त्यात मोजले जाते. तेव्हा कचेरीसाठी साधन घेणाऱ्याने गादीचा घट्टपणा प्रथम पाहावा आणि इलेक्ट्रॉनिक गुण त्यानंतर. त्याच्या जोडीला पावसाच्या सरीसारखा एखादा संथ, शब्दविरहित आवाज अगदी हलका लावून ठेवल्यास उरलेले शब्द त्यात मिसळून जातात. काहींचे काम फोमच्या साध्या बोळ्यांनीही भागते. परंतु ध्वनिशोषक छत, मधले आडोसे आणि दूरध्वनीसाठी वेगळी खोली यांची उणीव हेडफोन पूर्णतः भरून काढू शकत नाहीत, हे व्यवस्थापकांनी ध्यानात ठेवणे इष्ट आहे.

नावातील एका संदिग्धतेचाही उल्लेख केला पाहिजे. हेडफोन घालणाऱ्याला कमी गोंगाट ऐकू येणे आणि दूरध्वनीवरील दुसऱ्या माणसाला त्याच्या भोवतीचा गोंगाट ऐकू न जाणे, या दोन निरनिराळ्या सोयी आहेत. ज्याला दिवसभर दूरध्वनीवर बोलावयाचे आहे त्याने दुसरीची चौकशी स्वतंत्रपणे करावी.

निवडीच्या व्यावहारिक कसोट्या

शांत दुकानात संगीत लावून केलेली परीक्षा फारशी उपयोगाची नसते. संगीत बंद ठेवून, शक्य तर रहदारीच्या आवाजात, निवारण चालू व बंद करून पाहावे. चालू असता गादीच्या कडेवर बोटाने हलका दाब द्यावा. गोंगाट एकदम कमी झाला तर गादी नीट बसलेली नाही असे समजावे. चष्मा वापरणाऱ्याने ही परीक्षा चष्म्यासह करावी, कारण चष्म्याच्या काडीमुळे राहणाऱ्या फटीतून खर्ज थेट आत येतो. कानाच्या नळीत बसणाऱ्या प्रकारात निरनिराळ्या मापांची टोके लावून पाहणे तितकेच आवश्यक आहे. शांत जागी यंत्राची स्वतःची सुस्कार किती ऐकू येते, अर्ध्या तासानंतर डोक्याला वजन जाणवते काय, विद्युत्‌घट संपल्यावर तार जोडून ऐकता येते काय, याही गोष्टी तपासाव्यात. काहींना निवारण चालू होताच कानात दडे बसल्यासारखे वाटते. हवेचा सरासरी दाब प्रत्यक्षात बदललेला नसतो. तथापि ज्यांना ही संवेदना असह्य होते त्यांनी निवारणाची तीव्रता कमी करता येणारे साधन घ्यावे.

श्रवणरक्षणाचा हिशेब

या साधनाचा सर्वांत मोठा लाभ संगीताच्या गोडीहून वेगळा आहे. भोवती गोंगाट असला की ऐकणारा नकळत आपला आवाज त्याच्या वर नेतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या २०१९ च्या मानकानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबेल पातळीचे ४० तास ही श्रवणाची मर्यादा आहे, आणि पातळी ३ डेसिबेलनी वाढली की अवधी निम्मा होतो. ८९ डेसिबेलवर तो ५ तासच उरतो. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या एकाच विमानप्रवासात तो संपून जाईल. निवारणामुळे हाच आवाज ९ डेसिबेलनी उतरविता आला तर पुन्हा ४० तास हाती येतात. अंतःकर्णातील संवेदी केसपेशी एकदा नष्ट झाल्या की मनुष्यात त्या पुन्हा उत्पन्न होत नाहीत, हे लक्षात घेता या फरकाचे मोल सहज कळेल. मात्र निवारण चालू करूनही आवाजाची पातळी होती तेथेच ठेवली, तर हा लाभ शून्य होतो.

त्याचबरोबर एक धोकाही सांगितला पाहिजे. रेल्वेचे रूळ किंवा रस्ता ओलांडताना मागून येणाऱ्या अवजड वाहनाची जी घरघर सावध करते, तीच हे यंत्र सर्वांत कुशलतेने पुसून टाकते. बाहेरचा आवाज आत घेण्याची सोय अलीकडील अनेक साधनांत असते. तरीही अशा ठिकाणी हेडफोन कानावरून उतरविणे हाच निर्धोक मार्ग होय.