फेसाचं तळं आणि खड्ड्यातली मगर

भाचा किंवा पुतणी बंगळुरूला नोकरीला असेल, तर बेळंदूर हे नाव तुमच्या कानावरून गेलेलं असणारच. कुरिअरच्या पत्त्यात येणारं हे बेळंदूर म्हणजे शहरातलं सर्वांत मोठं तळं, सुमारे 900 एकरांचं. आणि हे तळं चक्क पेटलं होतं!

मे 2015 मध्ये पाण्यावरच्या फेसानेच पेट घेतला. फेब्रुवारी 2017 मध्ये पुन्हा धुराचे लोट. 19 जानेवारी 2018 ची आग तर दुसऱ्या दिवसापर्यंत धुमसत राहिली, ती विझवायला लष्कराचे सुमारे 5,000 जवान उतरले. एवढा फेस येतो कुठून? आपल्या मोरीतून. कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण हे सगळं मैलापाण्याबरोबर प्रक्रियेविना तळ्यात जातं. त्यातले फेस करणारे घटक गाळात साठतात, जोराच्या पावसाने तळ ढवळला की वर येतात आणि पाणी सांडव्यावरून कोसळताच फेसाचे ढीग उभे राहतात. वारा सुटला की हा फेस उडून थेट दुचाकीवाल्यांच्या अंगावर. तो अडवायला रस्त्याच्या कडेला जाळ्या उभाराव्या लागल्या.

सांडपाणी मात्र त्याआधी कितीतरी वर्षं तळ्यात जातच होतं. देशाची नजर तिकडे वळली ती फेस रस्त्यावर आल्यावर. डोळ्यांना दिसलं तरच माणूस हलतो, हे बंगळुरूच्या काही मंडळींनी पक्कं ओळखलं आणि मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं.

त्यांतले एक चित्रकार बादल नंजुंदस्वामी. जून 2015 मध्ये सुलतानपाळ्यातल्या एका भल्यामोठ्या खड्ड्याचं त्यांनी तळं रंगवलं आणि त्यात चक्क मगर आणून ठेवली. फायबरची, पण हुबेहूब. मग काय, बघ्यांची गर्दी, फोटो, बातम्या आणि पाठोपाठ दुरुस्तीची गाडी. सप्टेंबर 2019 मध्ये चांद्रयान-2 चंद्रावर उतरायच्या बेतात होतं. तेव्हा त्यांनी एका अभिनेत्याला अंतराळवीराचा पोशाख चढवून खड्ड्यांतून हळूहळू चालवलं. चंद्रच वाटावा असा देखावा, तेवढ्यात बाजूने रिक्षा जाते! चित्रफीत देशभर फिरली आणि लगेच खड्डे बुजवण्याचं काम सुरू झालं.

‘द अग्ली इंडियन’ हा गट याच्या अगदी उलट वाटेने जाणारा. 2010 पासून काम करतो, पण सदस्य नावं सांगत नाहीत. ब्रीद हिंदीतलं: ‘काम चालू, मुँह बंद’. कचऱ्याने बरबटलेला कोपरा हेरायचा, साफ करायचा, भिंत रंगवायची, कुंड्या मांडायच्या. जागा नीटनेटकी दिसली की तिथे पिशवी भिरकावायला हात धजावत नाही, एवढंच त्यांचं शास्त्र.

कचऱ्याचा धडा शहराला शिकवला तो मंडूर गावाने. शहराचा कचरा वर्षानुवर्षं दारात येऊन पडत होता, गावकरी लढले आणि डिसेंबर 2014 पासून तिथे येणाऱ्या कचऱ्याच्या गाड्या बंद झाल्या. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाच्या आदेशाने घरोघरी दोन डबे आणि एक पिशवी आली: ओल्याला हिरवा डबा, घातक व आरोग्याला अपायकारक कचऱ्याला लाल, सुक्याला पिशवी. पुण्यात ‘स्वच्छ’, तशी इथे कचरावेचकांची ‘हसिरु दळा’ ही संघटना. त्यांच्या पाठपुराव्यामुळे कचरावेचकांना महापालिकेची ओळखपत्रं मिळाली.

आता पुन्हा तळ्यांकडे. मॅजेस्टिकचं बसस्थानक तुम्ही पाहिलं असेल. तिथे पूर्वी धर्मांबुधी तळं होतं. कंठीरव स्टेडियमच्या जागी संपंगी तळं होतं. बंगळुरूच्या करगा उत्सवाची पूजा याच तळ्यावर होत असे, म्हणून स्टेडियमजवळ त्याचा एक छोटासा तुकडा राखून ठेवला आहे.

तळी बुजवलेल्या या शहराला प्यायचं पाणी सुमारे 100 किलोमीटरवरच्या कावेरीतून चढावर उपसून आणावं लागतं. मार्च 2024 च्या टंचाईत पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर 5,000 रुपये दंड लागू झाला. होळीतल्या ‘रेन डान्स’ला कावेरीचं पाणी वापरायला मनाई झाली. आयपीएलच्या सामन्यांसाठी चिन्नास्वामीच्या मैदानाला प्रक्रिया केलेलं सांडपाणी पुरवलं गेलं. बंगळुरूचा संघ 2011 पासून हंगामात एक सामना हिरव्या जर्सीत खेळतो, ते पर्यावरणाची आठवण म्हणूनच. पण मैदानातल्या गवताला कुठलं पाणी घातलं, ही गोष्ट मला जर्सीपेक्षा मोठी वाटते.

आणि कोलार. बारमाही नद्या नसलेला, बोअरवेल खोल खोल जात चाललेला शेजारचा जिल्हा. 2018 पासून बंगळुरूचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी तिथल्या कोरड्या तळ्यांत सोडलं जातंय. तळी भरली, विहिरींना पाणी वाढलं. पण त्याच वर्षी जुलैत लक्ष्मीसागर तळ्यावर फेस दिसला. बेळंदूर सगळ्यांनीच पाहिलं होतं, त्यामुळे याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, पाणी काही काळ थांबलं, मग परवानगी मिळून पुन्हा सुरू झालं. कोलारच्या कार्यकर्त्यांची मागणी साधी आहे: दोन टप्प्यांवर न थांबता शुद्धीकरणाचा तिसरा टप्पाही करा आणि मगच पाणी आमच्याकडे सोडा.