नव्या बाईंना एकटे सोडू नका

सीमाभागात आपली शाळा काढण्याचा हक्क घटनेच्या ३० व्या कलमाने दिला. पण शाळा टिकते ती शिक्षकांवर. विनाअनुदानित शाळेत बी.एड. होऊन नव्या बाई येतात. पहिल्याच दिवशी आम्ही त्यांच्या हाती हजेरीपट आणि सर्वांत दंगेखोर वर्ग देतो. वर्षाअखेर त्या सोडून गेल्या की हळहळतो. दोष आमचाच.

घरी मराठी, बाजारात कन्नड ऐकणारे मूल नेमके कुठे अडखळते, हे पदवीच्या पुस्तकात नसते. जुन्या गुरुजींना ते ठाऊक असते. म्हणून पहिले वर्षभर नव्या बाईंना तास कमी द्यावेत. आठवड्यातून एकदा अनुभवी शिक्षकाने मागच्या बाकावर बसावे आणि चूक चारचौघांत न काढता नंतर समजावून सांगावी.

इमारतीसाठी आम्ही दारोदार फिरतो. माणूस घडवायला एवढा वेळ नको का द्यायला?