शनी सापडतो आणि आई गच्चीवर येईपर्यंत गायब होतो? मग तुमच्या टेलिस्कोपचा स्टँड एकदा तपासाच

हौसेने टेलिस्कोप घेतला. गच्चीवर लावला. तासभर खटपट केल्यावर शनी सापडला, चक्क कडंही दिसलं! लगेच खाली हाक गेली, "आई, लवकर ये!" आई जिना चढून आली, डोळा लावला आणि म्हणाली, "काळोखच दिसतोय रे." शनी केव्हाच निघून गेलेला. असं चार-पाच वेळा झालं की टेलिस्कोप माळ्यावर जातो आणि तिथेच राहतो.

खरं तर टेलिस्कोप चांगला असतो. चुकलेला असतो त्याचा स्टँड, म्हणजे माउंट.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे आपल्याला आकाश तासाला 15 अंश सरकताना दिसतं. नुसत्या डोळ्यांना ते जाणवत नाही. पण 100 पट मोठं दाखवणाऱ्या साध्या आयपीसमधून जेमतेम अर्धा अंश आकाश दिसतं. तेवढं अंतर शनी दोन मिनिटांत पार करतो. साध्या स्टँडवर त्याचा पाठलाग करायचा तर वर-खाली आणि डावी-उजवीकडे असं दोन्हीकडे ढकलत बसावं लागतं, कारण ग्रह-तारे सरळ रेषेत चालत नाहीत, कमानीसारखे तिरके जातात.

इक्वेटोरियल माउंट इथेच कामाला येतं. त्याचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवायचा. मग पृथ्वी पूर्वेकडे जितकी वळते तितकंच माउंट पश्चिमेकडे वळवलं की झालं. एकच नॉब, एकच दिशा. ही काही नवी कल्पना नाही. जर्मनीच्या फ्राउनहोफर यांनी 1824 मध्ये डोरपाटच्या वेधशाळेसाठी बनवलेल्या दुर्बिणीला असंच माउंट होतं आणि ते घड्याळासारख्या यंत्राने आपोआप फिरायचं. ती दुर्बीण आजही तिथेच आहे, त्या शहराला आता तार्तू म्हणतात, देश एस्टोनिया.

आता मुद्द्याचं. हा अक्ष किती तिरका ठेवायचा? तुमच्या गावाचा अक्षांश जितका, तितका. पुण्यात साडेअठरा अंश, मुंबईत 19, नागपुरात 21, पणजीत साडेपंधरा. युरोप-अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये 40 किंवा 50 अंश दाखवतात. ते बघून लावलं की आपल्याकडे सगळंच फसतं. माउंटच्या बाजूला अंशांची पट्टी असते, त्यावर आपला आकडा लावा. आपल्याकडे अक्ष बराच आडवा होत असल्याने वजनाचा दांडा कधीकधी स्टँडच्या पायाला घासतो, तेवढं बघून घ्या.

मग अक्षाचं टोक उत्तरेकडे करा. मोबाइलचा कंपास चालेल, आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जेमतेम अंशाचा वगैरे फरक आहे. फक्त मोबाइल माउंटच्या लोखंडापासून लांब धरा.

आता ध्रुवतारा. तो आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा आहे, हा गैरसमज आधी काढून टाका. तो मध्यमच दिसतो आणि आपल्याकडे क्षितिजापासून फार वरही नसतो. सप्तर्षींमधले क्रतू आणि पुलह त्याची दिशा दाखवतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला संध्याकाळी सप्तर्षी दिसत नाहीत, तेव्हा शर्मिष्ठेच्या मदतीने शोधा. सापडला की नळी अक्षाला समांतर करा, म्हणजे क्रांतीच्या चकतीवर 90 अंश, आणि फाइंडरमधून बघा.

सगळ्यात जास्त चूक इथे होते. ध्रुवतारा मधोमध आणायला लोक टेलिस्कोपचे नॉब फिरवतात. ते अजिबात करायचं नाही! माउंटच्या बुडाशी असलेले स्क्रू फिरवा, नाहीतर अख्खा स्टँडच थोडा सरकवा. अक्ष जुळवायचाय, नळी नाही.

ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून साधारण पाऊण अंशाच्या आत आहे. डोळ्याने बघण्यासाठी एवढी चूक चालते, तासभर फोटो काढायचे असतील तर मात्र ध्रुव अचूक गाठावा लागतो. समोरच्या बिल्डिंगमुळे ध्रुवतारा दिसतच नसेल, तर कंपास आणि अंशांची पट्टी यांवरही बघण्यापुरतं काम होतं.

वजन नळीच्या आधी लावा, काढताना नळी आधी काढा. नाहीतर सगळं एका बाजूला कलंडतं. दोन्ही क्लच सैल केल्यावर टेलिस्कोप आहे तिथेच थांबला, म्हणजे तोल जमला. (आणि सूर्याकडे टेलिस्कोप फिरवायचा नाही, दिवसा गंमत म्हणूनसुद्धा नाही.)

आता शनी शोधा, क्रांतीचा अक्ष घट्ट करा आणि विषुवांशाचा नॉब हळूहळू फिरवत राहा. शनी वर किंवा खाली सरकत बाहेर जाऊ लागला, तर अक्षाची दिशा अजून थोडी चुकलीय. परत बुडाचे स्क्रू फिरवा. जमलं की आईला हाक मारा, आणि ती जिना चढेपर्यंत नॉबवरचा हात काढू नका.