स्पीकर बोंबलतोय, ऐकू येतंय ना?

रात्रीचे साडेआठ. कापूरबावडीचा ट्रॅफिक, कशेळीचा पूल, अंजूरफाटा असं सगळं पार करत तुम्ही एकदाचे भिवंडीतल्या घरी पोहोचता. चहाचा कप हातात, कॉम्प्युटर ऑन आणि मस्तपैकी गाणी सुरू! पण गल्लीच्या तोंडाशीच यंत्रमागाचा कारखाना. खटाखट, खटाखट, खटाखट... गाण्याचे शब्दच कळेनात. मग काय, व्हॉल्यूम फुल्ल! काही महिन्यांतच एक स्पीकर फरफरायला लागतो आणि एक दिवस कायमचा गप्प होतो.

‘माल चायनाचा होता,’ असं म्हणून आपण नवी जोडी आणतो. पण गोची वेगळीच आहे.

भिवंडी म्हणजे देशातल्या मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक. शटलचे माग चालू असले की कारखान्याच्या आत आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो. घरापर्यंत येताना तो बराच कमी होतो, तरी गाण्यातले बारकावे गिळून टाकतो. आणि त्यासोबत गिळतो स्पीकरची तक्रारही! शांत खोलीत जी फरफर पहिल्याच मिनिटाला खटकली असती, ती खटखटीत कळतच नाही.

ही फरफर येते कुठून? स्पीकरच्या डब्यातल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरची ताकद संपली की आवाजाच्या लाटेचे शेंडे सपाट कापले जातात. याला म्हणतात क्लिपिंग. अशी कापलेली लाट स्वच्छ लाटेच्या जवळपास दुप्पट पॉवर स्पीकरमध्ये ढकलू शकते. आतली केसासारखी बारीक तार तापते, तिचा गोंद सुटतो, शेवटी तारच जळते. खेळ खल्लास!

मग करायचं काय? सोप्पं आहे.

खूण करा : माग बंद असतील तेव्हा नेहमीचं गाणं लावा, आवाज हळूहळू वाढवा. फरफर सुरू झाली की थोडं मागे या आणि नॉबवर नेलपेंटचा ठिपका द्या. उद्या कितीही खटखट असो, ठिपक्यापुढे जायचं नाही.

बूस्ट बंद : काही प्लेअर्समध्ये व्हॉल्यूम १०० टक्क्यांच्याही वर नेता येतो. तिथे लाट स्पीकरपर्यंत पोहोचण्याआधीच कापली जाऊ शकते. शंभरच्या आत राहा, बाकी काम नॉबवर करा.

बासचा मोह आवरा : इक्वलायझरवर बास ६ डेसिबलने वाढवला, की त्या पट्ट्यात चौपट पॉवर लागते. तळहाताएवढ्या डब्यातून डीजेचा धमाका कसा निघणार, बॉस?

आकड्यांना भुलू नका : खोक्यावरचे ‘पीएमपीओ’चे शेकडो वॉट म्हणजे निव्वळ जाहिरात. बघायचा तो आरएमएस. यूएसबी २.० पोर्टमधून मुळात मिळते जेमतेम अडीच वॉट वीज. त्यावर चालणारा स्पीकर गल्लीशी काय टक्कर देणार?

जवळ आणा : ही सगळ्यात भारी टीप, आणि फुकट! स्पीकर निम्म्या अंतरावर आणला की कानाशी आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी पॉवर लागते फक्त पाव. कारखान्याच्या बाजूची खिडकी लावून घेतली, तर आणखी फायदा.

आणि हो, हेडफोन लावून तीच स्पर्धा कानात सुरू करू नका. ८५ डेसिबल दिवसाला आठ तास, ही कानांसाठी साधारण हद्द मानतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. त्या मागांपुढे अख्खी पाळी उभं राहणाऱ्या कामगाराला विचारा, संध्याकाळी घरी त्याच्याशी किती मोठ्यानं बोलावं लागतं. आपला स्पीकर गेला, तर चारपाचशे रुपयांत नवा येतो. कानांची जोडी मात्र एकच मिळालीये.