विद्युत्-दुचाकी : नाव, वस्तू आणि उपांगे

विरार पूर्वेस, जीवदानीच्या डोंगराच्या बाजूस फुलपाडा हा भाग वसलेला आहे. ‘पाडा’ हा शब्द उत्तर कोकणात मूळ गावापासून अलग वसलेल्या लहानशा वस्तीचा वाचक होय. आज फुलपाड्यात बहुमजली इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. वस्तू पालटली, नाव मात्र राहिले. याच्या उलट प्रकारही भाषेत घडतो. भिन्न जातीच्या दोन-तीन वस्तू एकाच वेळी व्यवहारात येतात आणि त्या सर्वांना एकच नाव चिकटते. फुलपाड्याहून विरार स्थानक गाठण्यासाठी अलीकडे वापरात आलेली विजेवर चालणारी दुचाकी हे या दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण आहे. येथे नावाचा गोंधळ केवळ कोशकारांना त्रास देत नाही; वाहनाच्या मालकावर तो कायदेशीर व आर्थिक जबाबदारीही आणू शकतो. म्हणून या वस्तूचे स्वरूप आणि तिचे नाव यांचा विचार एकत्रच करणे इष्ट ठरते.

१. ‘बाईक’ या शब्दाचा अर्थ

इंग्रजीत ‘बाइक’ हे ‘बायसिकल’ या शब्दाचे संक्षिप्त रूप आहे. साहजिकच तेथे ‘ई-बाइक’ म्हटले म्हणजे प्रथम पायडल मारावयाची, परंतु मोटरचे साहाय्य असलेली सायकल डोळ्यांसमोर येते. मराठीने मात्र ‘सायकल’ हा शब्द पूर्वीच आत्मसात केला होता. त्याच्या आधी ‘पायगाडी’ हाही शब्द वापरात होता. त्यामुळे मागाहून आलेल्या ‘बाईक’ या शब्दास मराठीत मोटरसायकलीचा अर्थ मिळाला, आणि ‘फटफटी’ या ध्वन्यनुकारी शब्दाची जागा त्याने घेतली. परिणामी मराठी श्रोता ‘ई-बाईक’ या शब्दाने विजेवर धावणारी मोटरसायकल वा स्कूटर समजतो. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने ‘ई-बाईक टॅक्सी’स मान्यता दिली, तेव्हा तेथेही हाच अर्थ अभिप्रेत होता.

‘ई-बाईक’ या एका नावाखाली आज तीन वस्तू विकल्या जातात. पहिली, पायडल मारल्यावरच मोटर साहाय्य करते अशी सायकल. दुसरी, स्कूटरसारखी दिसणारी परंतु मंद गतीची गाडी. तिसरी, पूर्ण शक्तीची विद्युत्-स्कूटर अथवा मोटरसायकल. ग्राहक नाव ऐकतो एका वस्तूचे आणि घरी आणतो दुसरी, असे घडण्यास येथे पुरेपूर वाव आहे.

२. कायद्यातील सीमारेषा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी या बाबतीत स्पष्ट रेषा आखली आहे. ज्या बॅटरीवरील वाहनाच्या मोटरची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी असते आणि ज्याची कमाल गती ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असते, ते अधिकृत चाचणी-संस्थेने तसे प्रमाणित केले असल्यास ‘मोटार वाहन’ मानले जात नाही. पायडल-साहाय्याच्या सायकलीसही ही सूट आहे. तथापि तिची मोटर गतीबरोबर क्रमाने मंदावत जाऊन ताशी २५ किलोमीटरला, किंवा चालकाने पायडल थांबविताच, बंद पडली पाहिजे. शिवाय तिला योग्य ब्रेक, पुढे पांढरा व मागे तांबडा परावर्तक असणे आवश्यक आहे. या रेषेपलीकडील प्रत्येक वाहनास नोंदणी, विमा व चालकाचा परवाना लागतो. २०१८ पासून नोंदणी झालेल्या खासगी विद्युत्-वाहनांना हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे असतात. वसई-विरार परिसरात त्या पाटीवर एम.एच. ४८ ही मालिका दिसते.

बोलभाषेने हा भेद आपल्या पद्धतीने टिपला आहे. दुकानात ‘पासिंगची गाडी’ आणि ‘बिनपासिंगची गाडी’ असे दोन प्रकार सांगितले जातात. ‘पासिंग’ म्हणजे परिवहन कार्यालयातील नोंदणी. वरवर पाहता ही विभागणी ‘ई-बाईक’ या सरसकट नावापेक्षा अधिक उपयुक्त आहे. परंतु ‘बिन-’ या उपसर्गात एक अडचण दडलेली आहे. ‘बिनव्याजी कर्ज’ म्हणजे ज्यावर व्याज द्यावेच लागत नाही असे कर्ज. ‘बिनतिकीट प्रवासी’ म्हणजे ज्याने तिकीट काढावयास हवे होते, परंतु काढले नाही असा प्रवासी. पहिल्या शब्दात बंधनाचा अभाव आहे, दुसऱ्यात बंधनाचा भंग आहे. उपसर्ग मात्र एकच. ‘बिनपासिंगची गाडी’ या प्रयोगात हे दोन्ही अर्थ संभवतात. विक्रेता ‘बिनव्याजी’चा अर्थ सुचवितो, गाडी नियमात बसत नसेल, तर रस्त्यावरील पोलीस ‘बिनतिकीट’चा अर्थ लावतो. म्हणून खरेदीदाराने शब्दावर न विसंबता चाचणी-संस्थेचे प्रमाणपत्र पाहावे, आणि त्यावरील प्रतिमान व गाडीवरील प्रतिमान एकच आहे याची खात्री करून घ्यावी. लेखनात ‘नोंदणीमुक्त’ व ‘अनोंदणीकृत’ असे दोन शब्द वेगळे ठेवल्यास ही संदिग्धता टळेल.

३. विद्युत्घट आणि दैनंदिन हिशेब

सायकलीच्या विद्युत्घटाचा दाब बहुधा ३६ व्होल्ट असतो. सुमारे ३.६ व्होल्टचे दहा लिथियम-आयन घट एकसर जोडले की हा दाब मिळतो. अशा घटसंचाची धारकता १० अँपिअर-तास असल्यास त्यात ३६० वॅट-तास ऊर्जा मावते. पायडलाची जोड असता सपाट रस्त्यावर किलोमीटरमागे सुमारे १० वॅट-तास खर्च होतात असे धरले, तर हा साठा ३६ किलोमीटर पुरेल. स्थानक घरापासून तीन किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन सहा किलोमीटर होतात. म्हणजे एकदा भरलेला घट कामाचा आठवडा भागवितो. विजेचे एक युनिट १००० वॅट-तासांचे असल्यामुळे, भरतानाची गळती जमेस धरूनही, या आठवड्यास अर्ध्या युनिटहून कमी वीज लागते. चढण, ओझे, टायरमधील कमी हवा आणि वारंवार थांबणे यांनी हा आकडा बदलतो, हे उघडच आहे.

फुलपाड्यासारख्या वस्तीत वीज किती लागते यापेक्षा ती कोठून घ्यावयाची हा प्रश्न अधिक अवघड असतो. गाडी तळमजल्यावर आणि घर चौथ्या मजल्यावर, अशी स्थिती असते. जिन्याखालील जोडणी सामायिक मीटरवर असल्यास सोसायटीत तक्रार उद्भवते. म्हणून काढता येणारा घट हा येथे चैनीचा भाग नसून सोयीचा मूलाधार आहे. सायकलीचा घट दोन-तीन किलो वजनाचा असल्याने तो हाती घेऊन जिना चढता येतो. तो तापलेला असताना लगेच भरावयास लावू नये. पूर्ण रिकामा करून दीर्घकाळ ठेवू नये. रात्रभर, सर्व झोपलेले असताना, दाराच्या वाटेत भरावयास ठेवणे तर सर्वथा टाळावे, कारण आग लागल्यास बाहेर पडण्याची वाटच अडते. २०२२ साली देशात काही विद्युत्-दुचाकींना आगी लागल्यानंतर नोंदणीपात्र वाहनांच्या घटसंचांसाठी चाचण्यांची मानके अधिक कडक करण्यात आली. नोंदणीमुक्त गाडी घेणाऱ्याने ही दक्षता स्वतःच बाळगली पाहिजे, आणि मूळ घटाबरोबर दिलेला चार्जरच वापरला पाहिजे.

४. उपांगांचे दोन वर्ग

गाडी घेतल्यानंतर तिला जोडावयाच्या वस्तूंची यादी वाढत जाते. व्याकरणाच्या अभ्यासकास येथे एक परिचित भेद आढळेल. ‘घर’ या नामास प्रत्यय लागून ‘घरात’ झाले, तरी शब्दाची जात बदलत नाही; परंतु ‘घरगुती’ झाले की नामाचे विशेषण होते. उपांगांचेही असेच दोन वर्ग पडतात.

पहिल्या वर्गातील उपांगे गाडीची जात बदलत नाहीत. साखळीचे भक्कम कुलूप, घंटी, दिवे, आरसा, मडगार्ड, कॅरिअर, बास्केट, हवेचा पंप, पंक्चरचे साहित्य आणि पावसाळी आच्छादन ही ती होत. स्थानकाबाहेर दिवसभर गाडी उभी ठेवणाऱ्याने चाक व सांगाडा दोन्ही एका अचल वस्तूस बांधील इतके लांब कुलूप घ्यावे, आणि शक्य असल्यास घट काढून न्यावा. हेल्मेट नोंदणीमुक्त गाडीवरही वापरावे. कायदा वॅट मोजतो, डोक्यास बसणारा मार ते मोजत नाही. पावसाळ्याचा विचार विशेष केला पाहिजे. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पट्ट्यात रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्या होत्या. ‘आयपी ६७’ या खुणेचा अर्थ धुळीपासून पूर्ण संरक्षण आणि एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकण्याची क्षमता असा आहे. ‘आयपीएक्स ४’ ही खूण केवळ उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण सांगते. घटावर पहिली खूण असली, तरी मोटर, नियंत्रक व जोडण्या यांवर दुसरीच असू शकते. सबब साचलेल्या पाण्यातून गाडी हाकू नये.

दुसऱ्या वर्गातील उपांगे गाडीची जातच पालटतात. गतीची मर्यादा काढून टाकणारा नियंत्रक, अधिक शक्तीची मोटर, वा मूळ मोटरला न पेलणारा अधिक दाबाचा घट बसविला की कालची सायकल आज मोटार वाहन ठरते. तिच्यावर नोंदणी नाही, विमा नाही आणि चालविणारा कदाचित शाळकरी मुलगा आहे. अशा स्थितीत पादचाऱ्यास अपघात झाल्यास नुकसानभरपाईचा भार थेट मालकावर येतो. २०२२ साली महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने असे फेरफार केलेल्या वाहनांविरुद्ध तपासणीची मोहीम हाती घेतली होती. हा फेरफार दुकानात ‘लिमिट काढणे’ अशा निरुपद्रवी शब्दांत सांगितला जातो. किरकोळ वाटणाऱ्या या क्रियापदाने वाहनाची जात आणि मालकाची जबाबदारी दोन्ही बदलतात.

५. समारोप

कुलाबा ते बोरिवली हा लोहमार्ग १९२८ साली विजेवर आला आणि १९३६ साली वीज विरारपर्यंत पोहोचली. आज चर्चगेटपर्यंतचे सुमारे ६० किलोमीटर अंतर तोडणाऱ्या गाडीस कोणी ‘विजेची’ म्हणत नाही. ‘लोकल’ एवढेच म्हणतात. जे सार्वत्रिक होते, त्याचे विशेषण गळून पडते. विद्युत्-दुचाकीच्या नावातील ‘ई-’ हे अक्षरही एक दिवस असेच गळेल. परंतु सायकल कोणती व मोटार वाहन कोणते, हा भेद त्याबरोबर गळू देता कामा नये. फुलपाड्याहून सकाळी स्थानकाकडे निघणाऱ्यास गाडीचे नाव काहीही चालेल. ती नोंदणीमुक्त आहे की केवळ अनोंदणीकृत, हे मात्र त्यास निश्चित ठाऊक असले पाहिजे.